अठरावी बी

राजमा, काळा, रात्रभर भिजला,
सकाळी कुकरच्या चार शिट्ट्या.
फडताळातलं पुरणयंत्र खाली काढलं तेव्हा
त्याला वाटलं असेल, होळी आली.
आला राजमा.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो दाखवला.
जाळी विरत चाललीय, म्हणाल्या, वजन उचला.
मी म्हटलं, पाण्याची वीस लिटरची बाटली मीच उचलते.
त्यानं भागायचं नाही, म्हणाल्या.
म्हणून बावन्नाव्या वर्षी,
मुहर्रकमध्ये, टायरच्या दुकानावरच्या बायकांच्या जिममध्ये
माझं आणि लोखंडाचं रोज थोडं भांडण असतं.
भांडून झालं की भूक लागते,
उभ्या उभ्या काहीही खाईल अशी.

दूध मला सोसत नाही, अंडं घरात येत नाही.
जवसाची पूड पाण्यात कालवून ठेवली
की दहा मिनिटांत अंड्याचं सोंग घेते,
बुळबुळीत, पण कामाला चोख.
कोको. शेंगदाण्याचं कूट, जरा भरडच.
वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर दोन मापं:
चव ओल्या पुठ्ठ्याची.
तिची लाज झाकायला खजूर,
बदरियाच्या अंगणातल्या झाडाचा, खलास,
बोटाला धरला तर सोडत नाही.

अठरा घेतले, मोजून.
धाकटी बहीण सांगलीहून फोनवर भांडत होती,
मी बिया वाटीत टाकत होते.
डबा ओव्हनमध्ये ढकलला,
ओटा पुसता पुसता सहज मोजल्या.
सतरा.

काचेतून वाकून पाहिलं.
ही ब्राउनी फुगत नाही,
रुसून बसल्यासारखी जागच्या जागी काळी होते.
बारा वड्या पाडल्या.
सुरीला काही लागलं नाही.
आता दाताला लागेल, कुणाच्या तरी.

बाहेर पडताच चष्म्यावर वाफ.
समुद्र हवेतच कालवलेला असतो इथे, जुलैत.

पाठ सरळ, मेसेरेत ओरडते,
अदिस अबाबाहून आलेल्या तिच्या हिंदीत क्रियापदं नसतात,
गरजही पडत नाही.
चाळीस किलो जमिनीपासून सुटले.
सुटले म्हणजे, माझ्या पायांखालून कुणीतरी
जमीनच बोटभर खाली ओढली.

मग डबा उघडला आणि सांगून टाकलं:
जपून. एकीत बी आहे.

एरवी आमचं खाणं गाडीची किल्ली हातात धरून.
वडी तोंडात, एक हात फोनवर, चला, बाय.
आज पाचही जणी चटईवर टेकल्या.
घास लहान, जीभ पुढे पाठवून
वाट तपासत तपासत.
चावता चावता थांबावं लागतं,
आणि थांबलं की माणूस बोलतं.
शीजाचा मुलगा ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झाला.
लुर्देसला घरमालकानं नोटीस दिलीय.
मेसेरेतची आई अजून स्वतः शेत पेरते, सत्तरीत,
तिला कुणी पाठ सरळ म्हणत नाही.
आणि बदरिया, दाढेखाली काहीतरी हळूच चाचपत,
म्हणाली, मंगळवारी गुडघ्याचं ऑपरेशन.
घरी सुद्धा नीट सांगितलं नव्हतं तिनं.
वीस मिनिटं गेली.
बी कुणालाच लागली नाही.

उरल्या दोन. म्हणजे ह्यांतच, असं सर्वांनुमते ठरलं.
घरी येऊन बेसिनपाशी दोन्ही मोडून पाहिल्या,
मोडल्या म्हणून खाल्ल्या.
काही नाही.
भांडी घासायला घेतली तर
वाटीच्या बुडाला, बाहेरून,
खजुराच्या चिकट रसानं धरून ठेवलेली
ती.

आज सोमवार. राजमा भिजत घातलाय.
परवा डबा इस्पितळात न्यायचाय,
पलंगाभोवती खुर्च्या किती मिळतील कोण जाणे.
खजूर अठरा.
बिया अठरा, दोनदा मोजल्या,
वाटीखालीही हात फिरवला.
झाकण उघडताना काय सांगायचं
ते ठरलंय.